अंबुजाक्का आणि लाल शेपटीची सुई

अंबुजाक्कांच्या दारात तुम्ही सुताचा गुंडा घेऊन उभे राहिलात, की "या, बसा" म्हणायच्या आधी त्या काडी ओढायच्या. गुंड्याचं टोक चिमटीत धरायचं, त्याला काडी लावायची आणि नाक पुढे करून वास घ्यायचा. कागद जळल्याचा वास आला आणि बोटांनी चोळल्यावर राख झाली, तर सूत खरं, तुम्हीही बहुधा खरे. आत यायला परवानगी. टोक वितळून त्याचा काळा टणक मणी झाला, तर तुम्ही, तुमचा दुकानदार आणि त्या दुकानदाराला परवाना देणारं सरकार, तिघेही चोर. "बघा, प्लास्टिक! कापूस म्हणूनश्यान विकतो मेला!" असं म्हणून त्या तो गुंडा पायरीवर ठेवायच्या, आत घ्यायच्या नाहीत. पलीकडच्या गल्लीतल्या देवतळे वहिनी एकदा नवी कोरी सुती साडी नेसून आल्या, तेव्हा अक्का वहिनींच्या पदराकडे आणि हातातल्या काडेपेटीकडे आळीपाळीने बघत होत्या. हे मी शपथेवर सांगतो. माझ्या शपथा अंबत्तूरमध्ये कुणी धरत नसे, ही गोष्ट वेगळी.

अक्का आता नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल वाटेल ते लिहायला हरकत नाही. असं म्हणतो खरा. पण लिहिता लिहिता दोनदा मान वळवून मागे बघून झालं आहे.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. अंबत्तूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत पंप तयार करणाऱ्या एका कारखान्यात मला नोकरी लागली आणि मी अकोल्याहून चेन्नईला येऊन पडलो. अक्कांच्या घराचा वरचा पोर्शन भाड्याने द्यायचा होता. अक्का तंजावरच्या मराठी. घराणं तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेलं, त्यामुळे त्यांची मराठीही तेवढ्याच वयाची. जुन्या बखरीतली एखादी बाई तमिळ हेल काढून वांगी निवडते आहे, असं ऐकताना वाटायचं. वय सत्तरीच्या आसपास, अंगकाठी छत्रीची, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या आणि डोळ्यांवर एकावर एक असे दोन चष्मे. एका चष्मेवाल्यावर कसा भरवसा ठेवायचा, म्हणून दोघांकडून घेतलेले.

"मांस खातां?" हा पहिला प्रश्न.

"नाही."

"बॉम्बेचे असूनश्यान खात नाही?"

"अक्का, मी अकोल्याचा. मुंबई मी एकदाच पाहिली, तीही पावसामुळे दिसली नाही."

"तेंच तें. डबा उघडा बघूं."

माझ्या जेवणाच्या डब्यात लसणाची चटणी होती. अक्कांनी ती आधी हुंगली, मग नखाच्या टोकावर घेऊन जिभेला लावली. त्यांच्या डोळ्यांतून जे पाणी आलं, तेवढं त्या वर्षी चेन्नईच्या एकाही नळाला आलं नाही. पदराने दोन्ही चष्मे पुसत त्या म्हणाल्या, "इतकं तिखट खाणाऱ्याला खोटं बोलायला जीभ उरत नसंल. या राहायला." माझ्या जिभेबद्दल अक्कांचा अंदाज चुकला, तो बहुधा एवढाच.

त्यांचा संशय कुणा एकावर नव्हता. तो सर्वांवर सारखा पडायचा. देवळात जाताना त्या एक चप्पल पूर्वेच्या दाराशी सोडायच्या आणि दुसरी पश्चिमेच्या. एका पायाची चप्पल कोण चोरणार? बाहेर पडताना एक पाय अनवाणी, तापलेल्या फरशीवर उड्या मारत अर्धी प्रदक्षिणा करून त्या दुसरी चप्पल गाठायच्या. अशा उड्यांनी त्यांना किती पुण्य लागलं असेल, त्याचा हिशोब चित्रगुप्तही लावत बसला असेल. पाणीटंचाईत आठवड्यातून दोनदा गल्लीत पाण्याची लॉरी यायची. सगळ्या बायका रंगीबेरंगी प्लास्टिकच्या घागरी घेऊन धावायच्या, आणि अक्का मात्र आधी लॉरीच्या शिडीवर चढून, टाकीत काठी घालून पाणी कुठवर आहे ते बघायच्या. ड्रायव्हर हात जोडायचा, "अम्मा, उतरा!" अक्का वरून म्हणायच्या, "डोळा खोटा, बोट खरं. मी बघूनच उतरेन."

"डोळा खोटा, बोट खरं" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आणि ते सगळ्यात जास्त कुठे लागू पडायचं, तर क्रोशाच्या कामात.

आता मी, पंपाच्या कारखान्यातला सहा फुटी गडी, क्रोशाच्या वाटेला कसा गेलो? फुशारकीने गेलो. माझी बायको विद्या बाळंतपणाला यवतमाळला माहेरी होती. मुलगी झाली. त्या आनंदात मी फोनवर बोलून गेलो की माझ्या मुलीला बाजारचं खेळणं मिळणार नाही, बापाने स्वतःच्या हाताने विणलेलं मिळेल. मग विद्या म्हणाली, "तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही. ते मी इथून कुरिअरने लावून पाठवते." मागून सासऱ्यांचं हसणं ऐकू आलं. झालं! माणूस एक वेळ बायकोचं ऐकून घेईल, सासऱ्याचं हसणं कसं ऐकून घेईल?

अक्का रविवारी दुपारी घराच्या बंदिस्त ओसरीवर क्रोशा शिकवायच्या. नव्या माणसाला पहिला धडा एकच: कापूस भरलेला छोटा हत्ती. शिकायला दोघी जणी होत्या. एक देवतळे वहिनी, मूळच्या वर्ध्याच्या, आवाज असा की त्या वर्ध्याला बोलल्या तरी अंबत्तूरला ऐकू यावं. दुसरी शेजारची वसंती, लग्न ठरलेली तमिळ मुलगी, जी बोलायची कमी आणि हसायची पोटातल्या पोटात. मी जाऊन उभा राहिलो तेव्हा तिघींनी हातातलं काम खाली ठेवलं.

"पुरुषमाणसाला क्रोशा कशाला?" अक्कांनी विचारलं.

"मुलीसाठी हत्ती करायचाय."

"खरं सांगा. घर बळकावायचं आहे कीं काय?"

"हत्ती विणून घर कसं बळकावणार, अक्का?"

"तेंच मी विचारते आहे. कसं?"

मी नुसता सुताचा गुंडा पुढे केला, काडी लावल्यावर त्याची राख झाली. म्हणून मला बसायला चटई मिळाली, पण दाराजवळची. म्हणजे पळालो तर दिसेन.

हत्ती विणायला सोपा, असं अक्का सांगायच्या. सुताचं एक छोटं कडं करायचं, त्यात मुके खांब घालायचे, म्हणजे क्रोशातला सगळ्यात बुटका टाका. पुढच्या फेरीत प्रत्येक खांबात दोन दोन घालत वाढवत न्यायचं. थोड्या फेऱ्यांनी वाढवणं थांबवलं, की चकतीची आपोआप वाटी होते, वाटीचा घट होतो, मग टाके घटवत तोंड बंद करत आणायचं. हे झालं पोट. तसंच धाकटं डोकं. सोंड म्हणजे एक नळी, कान म्हणजे दोन चकत्या. फेरी कुठे सुरू झाली ते कळायला तिथे वेगळ्या रंगाचा दोरा अडकवायचा. एवढंच.

एवढंच! मी पहिल्या रविवारी पोट विणायला घेतलं, त्याची झाली टोपी. दुसऱ्या रविवारी तो खुणेचा दोराच विणून टाकला, तेव्हा जे झालं त्याला वसंतीने उताणं करून, पालथं करून पाहिलं आणि ती आत जाऊन हसून आली. तिसऱ्या वेळी हत्ती जमला, पण आतलं अंग बाहेर आणि बाहेरचं आत. "हा हत्ती स्वतःलाच आंतून बघतो आहे," अक्का म्हणाल्या आणि धागा ओढून त्यांनी सबंध हत्ती उसवला. विणायला महिना लागलेला हत्ती उसवायला शिंक येण्याएवढा वेळ लागतो. मी मोठ्याने उसासा टाकला. अक्कांनी खिडकी बंद केली, वाऱ्याने कापूस उडेल म्हणून.

कापूस उशीतला, शेवरीचा. अक्का तो मूठभर घेऊन चिमटीचिमटीने चाळायच्या. त्यात सरकी, काडी, काय काय निघेल सांगता येत नाही. विणलेलं पोट त्या दिव्यासमोर धरायच्या. एखाद्या टाक्यातून उजेड आला, तर तिथून कापूस बाहेर येणार आणि बाळाच्या तोंडात जाणार. मण्यांचे डोळे लावायला बंदी. "मणी ओढला कीं निघाला, निघाला कीं गिळला." डोळे काळ्या दोऱ्याने भरायचे, आणि त्यासाठी लागायची बारीक सुई.

या सुयांचा कायदा फार कडक होता. साबणाच्या पिवळ्या वडीत त्या ओळीने खोचलेल्या असत आणि प्रत्येक सुईला हातभर लाल दोरा ओवलेला असे. काम कुठल्याही रंगाचं असो, तो लाल दोरा काम करणाऱ्याने काढायचा आणि काम संपताच परत ओवायचा. "शेपटी नसलेली सुई म्हणजे सर्प," अक्का म्हणायच्या. "शेपटी असली तर जातांना दिसते." ओसरीवरून उठायच्या आधी प्रत्येक सुई वडीत गेलेली त्या बोट लावून बघायच्या आणि मगच दार उघडायचं. "सुई ही पाहुणी. आली तशी गेली कीं नाही, तें घरधन्यानं बघावं."

त्यांना सुईची एवढी धास्ती का, याच्या कथा गल्लीत पुष्कळ होत्या. त्यांतल्या दोन मी स्वतः रचलेल्या होत्या आणि त्या सगळ्यात जास्त चालल्या. एकदा मी अक्कांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "कारण कशाला पाहिजें? सुई टोचतांना कारण सांगते का?"

अखेर माझा हत्ती झाला. एक कान पळसाच्या पानासारखा, दुसरा विड्याच्या. सोंड थोडी उजवीकडे, त्यामुळे चेहऱ्यावर सिद्धिविनायकाचं तेज. अक्कांनी तो दिव्यासमोर धरला, दाबला, ओढला, हुंगला. म्हणाल्या, "चालेल." अक्कांच्या तोंडचं 'चालेल' म्हणजे दुसऱ्यांचा पद्मश्री. मी कारखान्यात पेढे वाटले. लोकांना वाटलं, पुन्हा मुलगी झाली.

विद्या आठ महिन्यांच्या मनूला घेऊन आली तेव्हा मी सेंट्रल स्टेशनवर तो हत्ती हातात उंच धरून उभा होतो. विद्याने आधी हत्ती घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "कुठून विकत आणला?" माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी स्तुती. मनूने तर वेळच घालवला नाही. सोंड तोंडात घातली ती घातलीच. रांगताना हत्ती एका हातात, झोपताना हत्ती गालाखाली. अक्का मात्र तिला उचलून घ्यायच्या नाहीत. "लहान मूल म्हणजे गळकी टाकी," असं म्हणून लांबूनच बघायच्या.

आणि मग तो रविवार आला.

मनूने चावून चावून हत्तीचा पळसपानी कान सैल केला होता. तो शिवायला मी हत्ती घेऊन खाली ओसरीवर गेलो. वहिनी आपल्या हत्तीचे डोळे भरत होत्या, वसंती तिसरा हत्ती संपवत होती. बारीक सुई एकच बाहेर काढलेली. ती या हातातून त्या हातात फिरत होती. मी कान शिवला, लाल शेपटी परत ओवली आणि सुई वहिनींकडे दिली. अक्का आत कॉफी करायला गेल्या. मी वसंतीला टाके मोजून देत बसलो. कॉफीचा वास सुटला आणि गल्लीच्या तोंडाशी लॉरीचा भोंगा वाजला.

पाण्याचा भोंगा ऐकल्यावर चेन्नईत त्या वर्षी माणसं मांडवातून उठून धावत. नवरदेवसुद्धा घागर घेऊन पळाल्याचं मी ऐकलं आहे. आम्ही हातातलं टाकून धावलो. अक्काही काठी घेऊन निघाल्या. ओसरीवर पाहुणी आली तशी गेली का, हे बघायला त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी थांबलं नाही.

पाणी भरून झाल्यावर मी चटईवरून हत्ती उचलला, वर गेलो आणि मनूच्या हातात दिला. कपाळावरचा घाम पुसतो न पुसतो, तोच खालून अक्कांची हाक आली. हाक कसली, रेल्वेचा भोंगा! "बॉम्बे! हत्ती काढा! तोंडांतून काढा!"

मी जिन्यात डोकावलो. जिना चढणार नाही, अशी गुडघ्यांशी शपथ घेतलेल्या अक्का जिना चढून येत होत्या. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात त्यांच्या काचेच्या कपाटातला जुना हत्ती. त्याचं पोट मधोमध फाडलेलं.

"बारीक सुई वडीत नाही," त्या म्हणाल्या. "चटईवर नाही, केरांत नाही. आधी माझा फाडला. आतां तुमचा."

"अहो, तुमचा तर कित्येक वर्षं कपाटात होता!"

"कपाटाची किल्ली कुणाकडे? माझ्याकडे. मग माझ्यावर संशय नको?"

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, म्हातारी जळते आहे. शिष्याचा हत्ती गुरूपेक्षा सरस निघाला, म्हणून हा घाट. मी मनूच्या हातून हत्ती सोडवला, ती भोकाड पसरून रडायला लागली, आणि मी तो अक्कांसमोर चारी बाजूंनी दाबून दाखवला.

"बघा. बोट खरं ना? लागतंय काही?"

"कापसांतली सुई दाबूनश्यान लागत नाही. दाबाल तशी मासोळीगत सरकते."

"मग आज वर फळीवर ठेवून देतो. उद्या कारखान्यातून लोहचुंबक आणतो. एवढा मोठा की त्याने शेजारच्या गावचे खिळे येतील."

"आणा कीं. पण ती हत्तीत नसली तर?" अक्का दारातच उभ्या होत्या, धाप लागलेली. "मग ती ह्या जमिनीवर असंल. ह्या चटईवर. तुमच्या लुंगीला अडकूनश्यान वर आली असंल. आणि पोर रांगते आहे. हत्तीत असली तर सगळे निजूं. नसली तर कुणी निजायचं नाही. तें आत्ता कळलं पाहिजें, उद्या नाही."

विद्या इतका वेळ माझ्याकडे बघत होती. तिने पटकन खाली वाकून मनूला जमिनीवरून उचललं आणि म्हणाली, "फाडा."

मी अक्कांकडून कात्री घेतली. दुसऱ्या कुणाच्या हातून मी माझा हत्ती फाडू दिला नसता. पोटाखालून एक सरळ चीर दिली. विद्याने मनूला कडेवर ठेवूनच स्टीलचं ताट आणलं आणि आम्ही तिघांनी कापूस चिमटीचिमटीने पिंजून ताटात टाकायला सुरुवात केली. ताटात सुई पडली तर टण्ण आवाज येईल, म्हणून मनूचं रडणंसुद्धा नकोसं झालं. पोट झालं. डोकं झालं. सोंड उलटी केली. कान उसवले.

सुई नव्हती.

मी म्हणायला गेलो, "बघा, सांगितलं होतं मी!" पण तेवढ्यात नजर खाली गेली. तोवर मला हत्तीचं वाईट वाटत होतं. आता पायाखालच्या फरशीकडे बघितलं. सगळी खोली मला टोकदार दिसायला लागली. चटई, दुपटी, माझी लुंगी, खिडकीच्या खाचा. मनूचे उघडे गुडघे दिसले. इतका वेळ ती तिथेच रांगत होती, आणि आता तिला ठेवायला जागा उरली नव्हती.

आम्ही फाडलेल्या हत्तीसकट खाली ओसरीवर उतरलो आणि अक्कांनी वहिनींना आणि वसंतीला हत्तींसकट बोलावून घेतलं. दोघी ओसरीवर आल्या तेव्हा कात्री तयार होती. वसंती "वेंडा, अक्का, वेंडा," नको नको, असं पुटपुटत होती. तिने सासरी न्यायला म्हणून विणलेले तीन हत्ती होते. तिने स्वतःच डोळे मिटून एकेक पुढे केला. वहिनी मात्र बसून राहिल्या.

"काहून फाडता जी माझा हत्ती?" वहिनी कडाडल्या. "मी सुई चटईवर ठेवली, माझ्या हातानं ठेवली! या पोरीनं बघितली असंल!"

वसंतीने मान हलवली. बघितली असेल, नसेल.

"मग बॉम्बेनं नेली," वहिनी म्हणाल्या.

"मी कशाला सुई नेऊ, वहिनी?"

"तुम्ही काहीही न्याल! पेढे वाटले होते मुलगी झाली म्हणून, दोनदा!"

प्रत्येकजण प्रत्येकाकडे बघत होता. अक्कांचा संशय आम्ही वर्षभर चेष्टेवारी नेला होता. तो आता आमच्यात फुकट वाटल्यासारखा पसरला. वहिनींचा हत्ती फाडताना त्या इतक्या ओरडल्या की रस्त्यावरचा इडलीवाला हातगाडी सोडून बघायला आला. हत्तीत कापूस होता. बाकी काही नाही.

विद्याने मनूला वहिनींच्या कडेवर दिलं आणि ती वर अंथरुणं झटकायला गेली. मी चटई उन्हात धरून झटकत होतो. मनू रडून रडून हिचक्या देत होती. वहिनी तोंडाने अक्कांचा उद्धार करत होत्या आणि हाताने मनूला थोपटत होत्या. वहिनींच्या अंबाड्यावर त्या दिवशी अबोलीचा घसघशीत गजरा होता, केशरी, टपोरा. रडणाऱ्या पोरीला तो दिसला. तिने हुंदका गिळला, हात लांब केला आणि गजऱ्याचं टोक मुठीत धरून तोंडाकडे ओढलं.

"हलूं नका!"

अक्का इतक्या हळू आवाजात बोलल्या की सगळे जागच्या जागी थिजले. वहिनींचं तोंड उघडंच राहिलं. अक्का ओसरीच्या दुसऱ्या टोकाहून चार ढांगांत आल्या. गुडघे, धाप, सगळं कुठे गेलं कोण जाणे. त्यांनी मनूचं मनगट धरलं. ओढलं नाही, झटकलं नाही, नुसतं धरलं. दुसऱ्या हाताने तिचं एकेक बोट उघडत गेल्या.

"अबोलीला शेपटी कुठून आली?" त्या म्हणाल्या.

केशरी फुलांच्या आडून लाल दोरा लोंबत होता. त्याच्या टोकाला, अंबाड्यात अर्धी रुतलेली आणि मनूच्या ओढण्याने अर्धी बाहेर आलेली, ती बारीक सुई. मनूचे ओठ तिच्यापासून बोटभर अंतरावर होते. मी अतिशयोक्ती करतो हे सगळ्यांना माहीत आहे. इथे करत नाही.

मग सगळा उलगडा झाला. फुलवालीने त्या दिवशी वहिनींना बांधलेला गजरा न देता सुटी फुलं दिली होती. तिकडच्या बायका सुटी फुलं नुसत्या बोटांनी, दोऱ्याला फास देत बांधतात. वहिनींना ते जन्मात जमलं नाही. आपल्याकडे गजरा सुईने ओवतात. अक्का कॉफी करायला आत गेल्या, वहिनींच्या हातात सुई होती, सुईला लाल दोरा होता आणि मांडीवर फुलं. मी आणि वसंती टाके मोजण्यात गुंतलो असताना वहिनींनी गजरा ओवला. दोरा तोडायला कात्री हवी, ती अक्कांच्या कमरेला. तेवढ्यात लॉरीचा भोंगा. वहिनींनी गजरा अंबाड्याला गुंडाळला, सुई तात्पुरती केसांत खोचली आणि घागर घेऊन पळाल्या. पाण्याच्या मारामारीत त्यांना सुईही आठवली नाही आणि आपण ती चटईवर ठेवली नव्हती हेही.

वहिनी मटकन खाली बसल्या आणि ढसाढसा रडल्या. रडून झाल्यावर, वर्ध्याचा स्वभाव, पुन्हा कडाडल्या. "पण बाप्पा, सुई तं माझ्या डोक्यात होती नं? मंग हे सगळे हत्ती काहून फाडले? मुके जीव फुकट मेले!"

वसंतीने आपल्या तीन फाटक्या हत्तींकडे बघितलं. मीही माझ्या हत्तीकडे बघितलं. अक्का आता काहीतरी बोलतील, थोडं ओशाळतील, असं आम्हाला वाटलं. अक्कांनी सुईची शेपटी ओढून बघितली, सुई वडीत खोचली, तिच्यावर बोट ठेवलं, आणि म्हणाल्या,

"सुई सापडेपर्यंत ती प्रत्येक हत्तीत होती."

वहिनींनी आपला फाटका हत्ती जवळ ओढला आणि सांडलेला कापूस गोळा करायला घेतला. त्या संध्याकाळी ओसरीवर बसून आम्ही सगळे हत्ती पुन्हा भरले. अक्कांनी प्रत्येकाची पोटावरची चीर लाल सुतानेच शिवायला लावली. कुठे उघडला होता ते उघड दिसावं, लपवू नये, असं त्यांचं म्हणणं. वसंती ते तीन हत्ती सासरी घेऊन गेली, पोटावर लाल चीर असलेले. तिथल्या लोकांना तिने काय सांगितलं कोण जाणे. आमच्या मनूचा हत्ती पुढे तिच्याबरोबर चार गावं फिरला, आणि प्रत्येक गावी त्या चिरेची गोष्ट मी वेगळी सांगितली.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलं. सगळ्या गेल्यावर विद्या मनूला घेऊन वर निघाली, तेव्हा अक्का म्हणाल्या, "द्या इकडे." ज्यांनी मनूला कधी हात लावला नव्हता, त्यांनी तिला मांडीवर घेतलं, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या आणि तिची मूठ उघडून तळवा उजेडाला धरला. अंगठा बघितला. मग दुसरं बोट. मग कोपर. मग कानामागे.

"अक्का, सापडली ना सुई," मी म्हणालो.

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"एकच हरवली होती, हें तुम्हांला कुणी सांगितलं?"

मी हसायला तोंड उघडलं. मग त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो आणि मनूची दुसरी मूठ उघडली.